‘कॉटेज’ म्हणजे झोपडी नव्हे

‘कॉटेज’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘झोपडी’, ‘कुटीर’ किंवा अलंकृत भाषेत ‘पर्णकुटी’ हे प्रतिशब्द सहज योजले जातात; ‘कुटीरोद्योग’ या संज्ञेने तर त्यांवर सरकारी मोहोरच उठवली. विल्यम वर्डस्वर्थच्या कवितेतील ग्रामीण घरे मराठी वाचकाच्या मनात उभी राहतात ती या शब्दांच्या आधारे, आणि म्हणूनच चुकीची उभी राहतात. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवर-प्रदेशातील शेतघर गवताकाड्यांचे नव्हते. ते दगडी होते, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून बांधलेले होते, आणि पुष्कळदा त्याला ‘बार्न’ जोडलेला असे. हा तपशील केवळ स्थापत्याच्या अभ्यासकाचा नव्हे. ‘मायकेल’ (१८००) ही कविता पुरती कळणे त्यावर अवलंबून आहे.

या प्रदेशातील जुनी घरे मुख्यतः सतराव्या आणि अठराव्या शतकांत दगडात नव्याने उभी राहिली. भिंतीच्या दोन्ही बाजू ओबडधोबड दगडांनी रचायच्या, मधली पोकळी बारीक दगडांनी भरायची आणि दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड अधूनमधून आडवे घालायचे, अशी ही रीत. छपरावर पाटीच्या दगडाच्या चिपा. वळचणीशी मोठ्या, आढ्याकडे लहान होत गेलेल्या. आत भिंतीत बसवलेल्या ओक लाकडाच्या कपाटावर नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरे आणि साल कोरलेले आढळते. झोपडीत कोणी साल कोरत नाही.

‘बार्न’ला मराठीत एकच शब्द नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. देशावर सुगी कोरड्या हवेत येते. म्हणून खळे उघड्यावर, कडब्याची गंजी उघड्यावर, बैल गोठ्यात, धान्य कणगीत किंवा पेवात. सरोवर-प्रदेशात पावसाची उसंत अशी नाहीच, त्यामुळे ही सारी ठिकाणे एका छपराखाली आली. आत मळणीची जमीन आणि तिच्या दोन अंगांना समोरासमोर दारे. ती उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्यात धान्य उपणता येई. उतारावर बांधलेल्या इमारतींत वरच्या अंगाने गाडी थेट माळ्यावर जाई, तर खालच्या अंगाने जनावरे तळमजल्यात शिरत. वैरण वरून खाली सोडली की काम झाले. जेथे घर आणि ही इमारत एकाच लांब छपराखाली सलग असे, तेथे माणसांची वस्ती कोठे संपते आणि गुरांची कोठे सुरू होते, हे दुरून ओळखणे कठीण.

‘मायकेल’मधील कुटुंब दिवस मावळल्यावरही काम करते: लोकर पिंजते, विळा नीट करते, मळणीचे दांडके दुरुस्त करते. ते दांडके या बंदिस्त खळ्यातले. घरातल्या दिव्याचा उजेड दरीत दूरवर दिसतो, म्हणून घराचे नाव सांजतारा. पुतण्याला जामीन राहिल्यामुळे पिढीजात जमीन धोक्यात येते. ती राखण्यासाठी एकुलता मुलगा ल्यूक शहरात धाडला जातो आणि बिघडतो. अखेर जमीन परक्याच्या हाती जाते, घराच्या जागेवर नांगर फिरतो. ‘झोपडी’ म्हटले की हा आघात निम्मा होतो, कारण झोपडी नाहीतरी मोडायचीच असते. जानेवारी १८०१ मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स या राजकारणी पुरुषाला आपला काव्यसंग्रह पाठवताना वर्डस्वर्थने याच लहान जमीनधारकांच्या ऱ्हासाकडे त्याचे लक्ष वेधले होते. कवीला गरिबीचे स्तोत्र गायचे नव्हते.

दोष मात्र एकट्या भाषांतरकारांचा नाही. १८१० साली निनावी प्रसिद्ध झालेल्या आणि १८३५ पर्यंत वाढत गेलेल्या आपल्या प्रदेशवर्णनात वर्डस्वर्थनेच ही घरे बांधलेली नसून खडकातून उगवल्यासारखी दिसतात, असे सुचवले. प्रतिमा सुंदर आहे. पण तीत दगड खाणीतून काढणारा, वाहणारा आणि रचणारा माणूस गडप होतो. एकेका पिढीने घराला घातलेली भर त्याच पुस्तकात नेमकी टिपलेली आहे, हेही न्यायाने सांगायला हवे. २०१७ साली हा प्रदेश सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आला. आज तेथील कित्येक बार्नांत सुटीचे प्रवासी उतरतात, आणि ‘कॉटेज’ हा शब्द मराठीतही पर्यटनाच्या जाहिरातींत स्थिरावला आहे. झोपडीपासून थेट विश्रामगृहापर्यंत! मधले शेतकऱ्याचे घर दोन्हीकडे हुकले.

भाषांतरात ‘घर’ लिहावे, फार तर ‘शेतघर’. आणि बार्नसाठी प्रसंग पाहून ‘खळे’, ‘गोठा’ किंवा ‘कोठार’. त्यासाठी आश्रमवर्णनांकडे वळण्यापेक्षा मेंढपाळांच्या जगाची भाषा जाणणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे (१९५५) वळणे अधिक उपयोगाचे. ‘घर’ म्हटल्याने ‘कॉटेज’मधला लहानपणा उतरत नाही, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. पण ते घर केवढे असेल, हे वाचक कवितेतल्या एका चुलीवरून आणि एका दिव्यावरून ताडू शकतो. ते मायकेलचे स्वतःचे होते, एवढे मात्र शब्दातूनच कळायला हवे.