मध खरा, पण पूतपासणीचे काय?

घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत किंवा मुलुंड-बोरिवलीच्या चाळीत कुणाच्या पायाला गळू झाले की तो आधी केमिस्ट गाठतो. रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे तर रोज बुडतो. दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, मलमाची एक ट्यूब. ठणका थांबला की औषध बंद. अर्धवट मारलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत. मग कुणीतरी सांगतो, मध लावा.

हा सल्ला थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना नेहमीचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. सात दिवसांत मधाच्या गटातील 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. दुसऱ्या गटात जेमतेम 7 टक्के! मधात पाणी कमी, आम्लता जास्त. शिवाय जखमेतील ओलाव्याने त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. असा तिहेरी मार बसत असल्याने अँटिबायोटिकला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतूही प्रयोगशाळेत मधापुढे टिकले नाहीत.

म्हणून लगेच ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा डंका पिटायचे कारण नाही. विनयपिटकातही भिक्खूंना परवानगी असलेल्या पाच औषधांत मध आहे. पण ग्रंथात आहे म्हणून नव्हे, तपासून पटले तर मानायचे, हीच आपली रीत. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार फार खोल नसलेल्या भाजल्याच्या जखमा मधाने लवकर भरतात. मधुमेहींच्या पायाच्या जखमांबाबत मात्र पुरावा अपुरा आहे. आणि कोणता मध? जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, वाण्याकडची बाटली तशी नसते. 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँड तपासले. सर्व कसोट्यांना उतरले अवघे 3. उघड्या जखमेवर साखरेचा पाक ओतायचा काय?

गरिबाला घरगुती उपाय सुचवणे सर्वांनाच स्वस्त पडते. राजावाडी, कूपर, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय ही पालिकेची रुग्णालये आपल्याच करातून चालतात. जखम चिघळत असेल तर तिथे पूतपासणीचा आग्रह धरा. कोणते औषध लागू पडेल हे तीच सांगते. कामगार सुटतो त्या वेळेला, संध्याकाळी, वस्तीजवळच्या दवाखान्यात ही तपासणी आणि मलमपट्टी मिळावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे लेखी द्यावी. लाली पसरू लागली, ताप चढला, तर मधाची बाटली शोधत बसू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.