आल्डर आणि ‘फुकटचे’ खत

आल्डर या झाडाच्या मुळांवर पोवळ्यासारख्या फुटव्यांच्या गाठी असतात. त्यांत राहणारा फ्रँकिया हा तंतुमय जिवाणू हवेतील नत्र झाडाला उपयोगी रूपात आणून देतो. एवढ्यावरून एक मत ठोकून दिले जाते: हे खत फुकटचे आहे, जिवाणू वाढवा म्हणजे झाड वाढलेच, आणि कडधान्याच्या बियाण्याला चोळायचे पाकीट आल्डरलाही चालेल.

पाकिटात असतो रायझोबियम हा दुसराच जिवाणू. आल्डरवर त्याच्या गाठी धरत नाहीत.

‘फुकट’ हा दावा मात्र सविस्तर तपासण्यासारखा आहे. नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रेणू) खर्ची पडतात, आणि ही ऊर्जा पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. झाड सावलीत असेल तर साखर आटते आणि नत्राचे स्थिरीकरणही मंदावते. हे काम करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून फ्रँकियाला मेदाच्या अनेक थरांचे कवच असलेल्या पुटिका उभाराव्या लागतात. शिवाय स्फुरद हवे, मॉलिब्डेनम हवे. स्फुरदाविना जिवाणूंची कितीही भरती केली तरी झाड खुरटेच राहते. आणि मातीत नायट्रेट मुबलक असले की आल्डर गाठी धरणेच कमी करतो. फुकटचा माल नाकारणारे हे झाड ‘फुकट’वाल्यांच्या मते बहुधा मूर्ख असावे!

‘नत्र फक्त शेंगवर्गीयांचे’ हा जुना हट्टही याच जातीचा. फ्रँकिया प्रयोगशाळेत निर्विवादपणे वेगळा काढला गेला तो 1978 साली, तोही आल्डरमधून नव्हे. तोवर हा हट्ट समजण्यासारखा होता. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूच्या मुळांतही फ्रँकियाच असतो, आणि सुरू शेंगवर्गीय नाही. त्याच सुरूच्या सावलीत बसून आजही हा हट्ट चालवणारे आहेत.

मग जिवाणूंचे श्रेय किती? नत्रहीन वाळूतील रोप गाठींविना पिवळे पडून खुंटते. गाठी धरल्या की वाढीला लागते. अलास्कातील ग्लेशियर बे येथे हिमनदी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या खडीवर आल्डर दाट माजतो. त्याची पाने बरेचसे नत्र आत ठेवून हिरवीच गळतात, आणि त्या मातीत पुढे स्प्रूस उभा राहतो. मातीची आम्लता वाढते, हेही खरे. नागालँडमधील खोनोमा येथे झूम (फिरत्या) शेतीत आल्डर मुळासकट काढत नाहीत. वरून छाटतात, खाली पिके घेतात आणि पडीच्या वर्षांत धुमारे वाढू देतात.