पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची तलवार

"निदान मुलं हातपाय तरी हलवतात!" हात फिरवून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कौतुक करताना हे वाक्य हमखास येतं. आमच्या सुरतेत ते गुजरातीतून येतं, "कसरत तो थाय छे ने!" होते, कबूल. पण कसली कसरत, हे कोणी विचारायचं की नाही?

पूर्वी गेम खेळताना अंगठ्याने बटण दाबायचं. पडद्यावरचा माणूस उडी मारो की कोणाची मान कापो, अंगठ्याला दोन्ही सारखंच. २००६ साली निन्टेन्डोने 'वी' आणला. त्याच्या रिमोटमध्ये हाताचा झटका ओळखणारी चिप होती. हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरायची, ठोसा मारला की ठोसा बसायचा. लोक इतक्या जोराने हात झटकू लागले, की मनगटाला बांधायचे पट्टे तुटून रिमोट हातातून उडायचे. त्याच डिसेंबरात कंपनीला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी करावी लागली. २०१० मध्ये सोनीचं 'मूव्ह' आलं, मायक्रोसॉफ्टचं 'किनेक्ट' आलं. किनेक्टमध्ये तर हातात काही धरायलाच नको, समोरचा कॅमेराच तुमचे सांधे ओळखतो. पहिल्या साठ दिवसांत ते ८० लाख खपलं.

आपल्याकडे पापपुण्याचा हिशेब मन, वचन आणि काया अशा तीन खात्यांवर मांडतात. बटणाच्या गेममध्ये काया बाजूला बसून होती. या यंत्रांनी तिला उठवून उभं केलं. टेनिससाठी उठवलं तर उत्तमच. आजीने नातवाबरोबर दिवाणखान्यात बोलिंग खेळावं, मी टाळ्या वाजवीन. माझं भांडण यंत्राशी नाही. ज्या खेळात तोच हात भोसकायला उठतो, त्या खेळाशी आहे.

२००७ सालच्या 'मॅनहंट २' या गेमचं उदाहरण घ्या. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने त्याला आधी प्रमाणपत्रच नाकारलं. अमेरिकेत त्यावर 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसला. मग कंपनीने काय केलं? खुनाची दृश्यं धूसर केली आणि गेम बाजारात आणला. 'वी'वर मात्र खुनासाठी हाताने करायच्या हालचाली कायम राहिल्या. डोळ्यांना जपलं, हाताचं काय ते कोणी पाहिलंच नाही!

"अहो, पण मरतं कोण? पडद्यावर नुसते ठिपके!" असं मला सांगतात. सांगणारे बहुतेक आपलेच, पाठशाळेत शिकलेले. यशोधर राजाची कथा ते इतक्यात विसरले? सोमदेवसूरींनी ती इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' चंपूत सविस्तर सांगितली. आई पशुबळीचा आग्रह धरते, राजा नकार देतो आणि शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापतो. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. कोंबडा पिठाचा होता, पण वार करणारा हात आणि त्यामागचा भाव खरा होता. हजार वर्षांपूर्वीची ही कथा या गेमसाठीच लिहिली की काय, असं वाटावं!

उत्तरायणात आपल्या सुरती मांज्याने खरे पक्षी कापले जातात. ती द्रव्यहिंसा आणि ही भावहिंसा मी एका तागडीत तोलत नाही. गेम खेळून मूल उद्या खुनी होतं, असंही म्हणत नाही. मुद्दा उद्याच्या गुन्ह्याचा नाहीच, आजच्या भावाचा आहे. तलवार फिरवताना मुलाचे दात आवळले जातात, श्वास जोरात चालतो, मुंडकं उडालं की तोंडातून "येस!" निघतं. तो आनंद काही ठिपक्यांचा नसतो.

आणि हिशेब मुलापाशी थांबत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही सारखंच बांधतात, हे आपण रोज म्हणतो. मूल करतं. पैसे मोजून तो गेम घरी आणणारे आईबाप करवतात. सोफ्यावर बसून "वा, काय मारलं!" म्हणणारे आपण अनुमोदन देतो. कंदमूळ वर्ज्य म्हणून हॉटेलात वेटरला दहा प्रश्न विचारणारे आपण, गेम घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करा. गेम विकत घेण्याआधी तो दुकानात सुरू करायला सांगा आणि पडद्यासमोर स्वतः उभे राहा. त्यात जी हालचाल करायची आहे, ती चार लोकांदेखत आपल्या हाताने करून बघा. चेंडू टोलवायचा असेल, नाचायचं असेल, तर खुशाल घरी न्या. भोसकायचं असेल आणि तुमचाच हात अवघडला, तर तो गेम तिथेच ठेवा. जे करायला आपला हात अवघडतो, त्याची कसरत मुलाला कशाला द्यायची?