हॉटेलातील जेवण : बिल कोणाचे, भार कोणावर?

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात हॉटेलात जेवणे ही एके काळी चैन समजली जात असे. घरात चूल असताना बाहेर पैसे मोजून जेवणे हा उधळेपणा, अशी वडीलधाऱ्यांची धारणा होती. खानावळ होती ती कुटुंब गावाकडे ठेवून मुंबईस आलेल्या गिरणी कामगारासाठी. राइसप्लेट होती ती कचेरीतल्या कारकुनासाठी. सहकुटुंब बाहेर जेवण्याचा योग वाढदिवसाला नाही तर परीक्षेच्या निकालाला. आज मात्र तालुक्याच्या गावीदेखील रविवारी संध्याकाळी हॉटेलाबाहेर कुटुंबे नंबर लावून उभी असतात. या बदलास चंगळवाद म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याने त्यामागील अर्थकारणाचा उलगडा होत नाही.

उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम आपल्याकडेही खरा ठरला आहे. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या आत आहे. तथापि त्या अन्नाचे स्वरूप पालटले आहे. तृणधान्यांवर जेमतेम ४ टक्के खर्च होत असताना पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि तयार जेवण या गटावर सुमारे ११ टक्के खर्च होतो. म्हणजे कुटुंब आज केवळ धान्य विकत घेत नाही. ते धान्य शिजवण्याचे श्रमही विकत घेते.

हे श्रम आजवर कोण करीत होते? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात; पुरुष देतात ८८ मिनिटे. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही नोंदले जात नाही. मालकाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलेली विसंगती प्रसिद्धच आहे. हॉटेलातील जेवण हा तिचाच उलटा प्रकार होय. घरची आमटी हिशेबाबाहेर; हॉटेलातली डाळ मात्र हिशेबात. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाकघर बंद राहते, ती चैन नसून घरातील न मोजलेल्या श्रमांना मिळालेली सुट्टी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता बिलाकडे वळू. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा साध्या हॉटेलांस १२ आणि वातानुकूलित हॉटेलांस १८ टक्के दर होता. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून तो सर्वसाधारण हॉटेलांसाठी ५ टक्के झाला. पण कच्च्या मालावर व भाड्यावर भरलेल्या कराची वजावट काढून घेण्यात आली. तो बोजा मालकाच्या खर्चात मिसळतो आणि पदार्थाच्या किमतीतून गिऱ्हाइकाकडेच येऊ शकतो. बिलावर दिसणारा कर ५ टक्के असला तरी प्रत्यक्ष भार तेवढाच असतो असे नव्हे. शिवाय कर भरण्यासाठी ज्या लहान हॉटेलांनी आपसमेळ योजना स्वीकारली आहे, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याची मुभाच नाही, हे किती जणांना ठाऊक असते?

यापेक्षा गंभीर प्रश्न ‘सेवा शुल्का’चा आहे. समजा, चौघांच्या जेवणाचे १,२०० रुपये झाले. त्यावर ५ टक्के कर धरता बिल १,२६० रुपयांचे होते. १० टक्के सेवा शुल्क लावले की रक्कम १,३२० होते, कर त्या वाढीव रकमेवर बसतो आणि बिल १,३८६ रुपयांवर जाते. हा पैसा सरकारचा आहे अशा समजुतीने सुशिक्षित माणसेही तो निमूटपणे देतात. वस्तुतः तो हॉटेलच्या गल्ल्यात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी अशा सक्तीस मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटनांनी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची भूमिका उचलून धरली. त्यावर अपिलेही दाखल झाली.

हे शुल्क मोरीवर भांडी घासणाऱ्यापर्यंत सर्वांत वाटले जाते, टीप मात्र केवळ वेटरच्या खिशात जाते, असा मालकवर्गाचा युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी पोकळ नाही. पण नोकराचा पगार हा धंद्याचाच खर्च आहे. तो वाढवायचा तर पदार्थांचे दर उघडपणे वाढवावेत. त्यास कोणाची आडकाठी नाही. मग गिऱ्हाईक दरपत्रक पाहून, शेजारच्या हॉटेलशी तुलना करून ठरवील. किंमत आधी सांगणे हाच बाजाराचा पहिला सभ्यपणा होय. जेवण झाल्यावर, मुलाबाळांसमोर आणि वेटर समोर उभा असताना वाढवलेली रक्कम ही किंमत नव्हे. ती भिडेची वसुली आहे.

याचा सर्वांत मोठा तोटा होतो तो त्या वेटरचाच. शुल्क भरलेले गिऱ्हाईक टीप देत नाही, आणि शुल्कातील वाटा पगारपत्रकावर किती उतरला हे त्यास विचारता येत नाही. घरातील गृहिणीचे श्रम राष्ट्रीय हिशेबात नाहीत. हॉटेलातील पोऱ्याचे श्रम बिलात आहेत, पण त्यांचे पैसे त्याच्या हाती पडतील याची शाश्वती नाही. ग्राहकांनी बिल वाचावे, सक्तीचे शुल्क काढून टाकण्यास सांगावे, प्रसंगी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. आणि वाचलेल्या रकमेतून वाढणाऱ्याच्या हातावर स्वखुशीने काही ठेवावे. हक्क बजावताना माणुसकी सोडण्याचे कारण नाही. मात्र नोकरांना पुरेसे वेतन देण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या भिडेवर सोपवून मालकांना मोकळे होता येणार नाही.