लठ्ठपणा कोणत्या खात्याकडे?

‘खात्यापित्या घरचा दिसतो,’ हे शब्द आपल्या खेड्यांतून आजवर स्तुतीचे समजले गेले. स्थळ पाहून परत येणाऱ्या मंडळींनी हे म्हणावे, पोराच्या गालावरून हात फिरवून म्हाताऱ्यांनी हे म्हणावे, आणि ऐकणाराने संतोष मानावा अशी रीत होती. ज्या मुलखात दर पाच-सात वर्षांनी अवर्षणाची फेरी ठरलेली, तेथे अंगावरचे मांस हीच शिल्लक वाटावी यात नवल नाही. परंतु ज्या अंगमेहनतीत ती शिल्लक खर्ची पडत असे ती मेहनत आता उरलेली नाही. मोट गेली, मळणीची पात गेली, बैल गेले. शेतावर जाणे मोटारसायकलीवरून होते, आणि विहिरीवरील पंप घरी बसल्या फोनवरून चालू होतो. खाणे मात्र मोट हाकणाऱ्या आज्याचेच राहिले. किंबहुना भाकरीच्या जागी पाव, खारी, शेव-चिवडा आणि दिवसास आठ-दहा कप चहा आल्यामुळे ते वाढलेच. कपास दोन चमचे साखर धरली तरी दहा कपांत १०० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने साखरेची घातलेली मर्यादा साधारण माणसास ५० ग्रॅमची आहे, आणि त्याच्याही निम्मी असल्यास बरी, असे तिचे म्हणणे आहे.

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा व तरुण-मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे चौथा हिस्सा उंचीच्या मानाने फाजील वजनाचा आढळला. त्याच पाहणीत पाच स्त्रियांपैकी एक वाजवीहून कृश, आणि पाच वर्षांखालील १०० बालकांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी, असेही नमूद आहे. म्हणजे एकाच राज्यात, कित्येकदा एकाच उंबऱ्याच्या आत, ही दोन्ही दुखणी नांदत आहेत.

मी डॉक्टर नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला, थोडीबहुत जमीन कसणारा माणूस आहे. या विषयाकडे माझे लक्ष गेले ते आमच्या गावच्या आशाताईंमुळे. तीस वर्षांवरील माणसांची माहिती घेण्याचे काम त्यांच्याकडे असते. त्या फॉर्मात कमरेच्या घेराचा एक रकाना आहे. पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० सेंटिमीटर ही पहिली मर्यादा. माझा घेर १०२ भरला. ताईंनी तो लिहून घेतला, ‘काका, गोड कमी करा, चालत जा’ म्हणाल्या, आणि पुढच्या घरी गेल्या. माझ्या कारकुनी स्वभावास अनुसरून मी विचारले, ‘हा आकडा पुढे कोणाकडे जातो?’ त्या म्हणाल्या, ‘आरोग्याकडे.’ ‘आणि तेथून?’ यास त्यांच्याजवळ उत्तर नव्हते, आणि तो त्यांचा दोषही नव्हे.

माझा सारा जन्म आवक-जावक बारनिशीत गेला असल्यामुळे हे दुखणे माझ्या चांगले ओळखीचे आहे. एखाद्या कामास चार खाती लागतात असे ठरले, की ते काम कोणाचेच राहत नाही. कागद ‘अभिप्रायार्थ’ जातो, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ परत येतो, आणि वर्षअखेरीस दप्तरात बांधला जातो. लठ्ठपणाचे असेच झाले आहे. आरोग्यखाते सांगते की ज्वारी, नाचणी, डाळी व भाजीपाला खा. पुरवठाखाते त्याच कुटुंबास गहू व तांदूळ देते. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलास दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांची तळणाची पुडी टांगलेली असते. वास्तविक शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत फाजील तूप-तेल, साखर व मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे नियम सांगतात. परंतु नियम अन्नखात्याचा, शाळा शिक्षणखात्याची, टपरीची जागा ग्रामपंचायतीची आणि फीत कोणाकडेच नाही! आमच्याकडील एका मुख्याध्यापकांस मी हा नियम दाखविला तेव्हा त्यांनी तो प्रथमच पाहिला.

योजनांचा तोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. अशा रोगांविषयी अनेक खात्यांनी मिळून काम करावे म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ ते २०२२ या पाच सालांसाठी एक राष्ट्रीय कृती-योजना छापली होती. त्या पाच सालांत आमच्या तालुक्याच्या कोठल्याही बैठकीत तिचा उल्लेख मी ऐकला नाही, आणि बैठकीची इतिवृत्ते लिहिण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असे.

एकट्या खात्याने धडपड केली तर काय होते, याचे उदाहरण केरळात घडले. तेथील अर्थखात्याने २०१६ साली नामांकित उपाहारगृहांतील बर्गर, पिझ्झा आदी पदार्थांवर शेकडा १४.५ कर बसविला. हेतू चांगला होता. पण वडा-भजी त्यातून सुटली, शाळा व रेशन जागच्या जागी राहिले, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा कर त्यात विरून गेला.

मग आपल्या सरकारास खाती जुळविता येतच नाहीत काय? येतात, आणि उत्तम येतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टंचाईच्या सालात तहसील कचेरीत एकच नोंदवही असते. कोणत्या गावी टँकर, किती खेपा, कोणती विहीर अधिग्रहित, छावणीत जनावरे किती, हे सारे तीत. पाणीपुरवठा, वीज, पशुसंवर्धन, पंचायत समिती, सर्वांचे अधिकारी तिच्यासमोर बसतात, आणि खेप चुकली तर ती कोणामुळे चुकली हे त्याच दिवशी ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी गेले. कृष्णेचे पाणी, रेल्वेचे डबे, दोन जिल्ह्यांची कचेरी आणि लातूरची महानगरपालिका यांचा मेळ त्या दिवसांत बसला, कारण न बसविण्याची सोय नव्हती. दुष्काळ डोळ्यांस दिसतो. रिकाम्या घागरी कचेरीच्या दारात येऊन बसतात. वाढलेली कंबर सदऱ्याखाली झाकते. मधुमेहाने पाय कापलेला मनुष्य मोर्चा घेऊन येत नाही. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, या दुखण्यास टंचाईची रीत लावावी: तालुक्यास एक जबाबदार अधिकारी, एक नोंदवही आणि तिच्यामागे काही पैसा.

आता शेतकऱ्यांचा संबंध येतो, आणि येथे मला वाचकांची थोडी नाराजी पत्करणे भाग आहे. फिनलंड देशात उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. दूधदुभत्याचा, लोणी मनमुराद खाणारा. तेथे भर वयातले पुरुष हृदयविकाराने पटापट मरत, तेव्हा लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या हाताखाली काम सुरू झाले. दवाखाने, शाळा, गृहिणींच्या संस्था, दुकानदार आणि अन्नाचे कारखाने या सर्वांस त्यांनी एका कामास जुंपले. प्रथम कुरकूर झाली ती दूधवाल्यांची, आणि ती रास्तच होती. लोणी खाऊ नका म्हटल्यावर त्यांनी काय करावे? पुढे त्या प्रांतात बोरासारख्या रानफळांची लागवड वाढवून तिला बाजार मिळवून देण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि दुधाच्या भावात केवळ स्निग्धांशाऐवजी प्रथिनांसही मोल येऊ लागले. पुढील साडेतीन दशकांत तेथील भर वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू शेकडा ८० हून अधिक घटले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की वजने मात्र तेथे घटली नाहीत. पुरुषांची तर काहीशी वाढलीच. तेव्हा लठ्ठपणाचे रामबाण औषध म्हणून मी हा दाखला देत नाही. शेतकऱ्यास वगळून लोकांचे ताट बदलत नाही, आणि त्याला नवे पीक व गिऱ्हाईक मिळाले तर तो आड येत नाही, एवढ्यापुरता तो घ्यावा.

आपले लोणी म्हणजे ऊस. मीही एक एकर ऊस लावतो, तेव्हा हे शब्द मजवरही आहेत. साखरेचा खप कमी व्हावा असे आरोग्यखात्याने म्हणावे, आणि साखरेचा भाव वाढावा, खप वाढावा, असे आपण सभांतून म्हणावे, हे दोन्ही एका दमात खरे ठरत नाही. उसास हमखास गिऱ्हाईक आहे म्हणून आपण तो लावतो. ज्वारीस व तुरीस तसे गिऱ्हाईक द्या, आणि मग पाहा. २०२५-२६ च्या हंगामास संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलास ३,६९९ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये जाहीर झाला. पण भाव जाहीर होणे निराळे आणि काट्यावर माल घेतला जाणे निराळे, हे या पत्राच्या वाचकांस मी सांगावयास नको.

हे गिऱ्हाईक सरकारजवळच आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ व भरड धान्य १ रुपया किलो असे तिन्हींचे दर घातले होते. १ जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य मोफतच मिळते. म्हणजे भरड धान्याची वाट कायद्याने मोकळी आहे, तिच्यावरून गाडी क्वचित जाते एवढेच. तालुक्यातील रेशन, आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या व शाळा यांस लागणारी ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा शक्य तितका त्याच तालुक्यातून हमीभावाने घ्यावा. सरकारने लोकांस काय खावे हे का सांगावे, असा आक्षेप सुशिक्षित मंडळी घेतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की गहू-तांदूळ देऊन सरकार ते आजही सांगतच आहे. खरी अडचण साठवणुकीची आहे. ज्वारीस कीड लवकर लागते, बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. सबब दूरच्या गोदामात वर्ष वर्ष ठेवून हे काम होणार नाही. आणि ज्वारी खाल्ली म्हणजे चरबी वितळते असा जो गवगवा हल्ली चालतो, तोही खरा नव्हे. भाकरीही पिष्टच. तिच्याबरोबर डाळ आणि पालेभाजी किती आणि ती खाऊन मनुष्य हलतो किती, यावर सारे आहे.

‘मुले खुजी असताना लठ्ठपणाचे कौतुक कशाला?’ असे आमच्या एका माजी साहेबांनी मला विचारले होते. त्यास उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून तेथील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा माग ठेवला. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, विलायतेतील साउदॅम्प्टन गावची ३.५ किलोची. आमच्या बाळांचे मांस कमी, पोटातील अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. वरून कृश आणि आतून मेदयुक्त असे हे शरीर पुढे थोड्या सुबत्तेनेही मधुमेहाकडे झुकते. ज्या मातांच्या खाण्यात पालेभाजी, फळे व दूध अधिक होते त्यांची बाळे अधिक भरली. ज्यांच्या वाट्यास शेतातले व घरातले जड काम अधिक, त्यांची हलकी भरली. त्या माता आपल्यासारख्याच घरच्या होत्या. तेव्हा खुजेपणा व लठ्ठपणा ही दोन खात्यांची दोन कामे नव्हेत. अंगणवाडीची वही आणि आशाताईंची वही एका टेबलावर आली पाहिजे. आणि सातव्या महिन्यात सुनेच्या डोक्यावरचा भारा कोणी उतरवावा, हे सांगावयास शासननिर्णयाची वाट पाहू नये.

तहसीलदाराच्या गळ्यात आणखी एक समिती अडकवू नका, असे माझे जुने सोबती म्हणतील. समित्यांचा मलाही वीट आहे. ज्यांत प्रत्येक खात्याचा कनिष्ठ मनुष्य चहापुरता येतो अशा कित्येक मी पाहिल्या. पण टंचाईची बैठक तशी नसते, याचे कारण तेथे देयके मंजूर होतात. जिल्हा वार्षिक योजनेतून या कामास एक रक्कम राखून ठेवावी, आणि नोंदवहीत थोडेच रकाने असावेत: रेशनवर कोणते धान्य किती उतरले, किती शाळांभोवतीचे ५० मीटर मोजले, गरोदर स्त्रियांची वजने, गावोगावच्या कमरांचे घेर मागील सालाहून वाढले की घटले. ज्या खात्याचा रकाना कोरा, त्याच्या अधिकाऱ्याने कारण लिहावे. सालभरात वजने उतरतील अशी आशा कोणी बाळगू नये. वाढ थांबली तरी पहिल्या पाच सालांत पुष्कळ झाले असे मी समजेन.

आपल्या संघाच्या तालुका शाखांनी येत्या सर्वसाधारण सभेत याविषयी ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ठरावात ज्वारी-तूर खरेदीचे कलम पहिले घालावे, म्हणजे सभासद शेवटपर्यंत बसतील. ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहून प्रत तहसील कचेरीत द्यावी, आणि देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्यावाचून टेबल सोडू नये. शिक्का संपला आहे, उद्या या, असे सांगण्यात आले तर तेथेच बाकावर बसून राहावे. तो बहुधा खालच्या खणात असतो.