तारापूरची मुदतवाढ बंद दाराआड नको

7 फेब्रुवारी 2011 रोजी जपानच्या अणुनियामकांनी फुकुशिमा दाइची प्रकल्पाच्या पहिल्या अणुभट्टीला आणखी दहा वर्षे चालण्याची परवानगी दिली. भट्टीची चाळिशी भरायला तेव्हा जेमतेम दीड महिना उरला होता. 11 मार्चला सुनामी आली. तिथे घात झाला तो जुन्या पोलादाने नव्हे. आणीबाणीची बहुतेक डिझेल जनित्रे तळघरांत होती, ती बुडाली. 15 मीटरहून उंच लाट येऊ शकते, असे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्याच 2008 सालच्या हिशेबात निघाले होते. तो हिशेब नियामकापुढे गेला दुर्घटनेच्या चार दिवस आधी! भट्टी किती झिजली एवढेच पाहून मुदत वाढवली, की नेमके काय नजरेआड राहते, ते यातून कळावे.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्या त्या भट्टीहूनही जुन्या. त्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. वीज देऊ लागल्या 1969 मध्ये. क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती, पण दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती 160 वर आणावी लागली. 2020 पासून दोन्ही भट्ट्या बंद ठेवून गाभ्यातून पाणी फिरवणाऱ्या पाइपलाइनी बदलण्याचे अवघड काम हाती घेतले गेले. तडे जाण्याची शक्यता असते ती याच पाइपांच्या जोडांजवळ. हे काम करणाऱ्या अभियंत्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. याआधीही, 2005-06 मध्ये, भट्ट्या बंद ठेवून मोठ्या क्षमतेची डिझेल जनित्रे बसवली गेली आणि पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला गेला. म्हातारी झाली म्हणून भट्टी मोडीत काढा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण पाइप बदलता येतात. भोवतालचा परिसर मात्र बदलत गेला तो कुणाला न विचारता. प्रकल्पाजवळचे 1969 चे बोईसर आज ओळखू येणार नाही. प्रकल्पाच्या शेजारी तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. तिथल्या रासायनिक कारखान्यांतले स्फोट आणि आगी पालघरकरांना नव्या नाहीत. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत राहिले, लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. एवढ्या धक्क्यांनी अणुभट्टीला धोका होतो असे नव्हे. मात्र सुरक्षेच्या ताज्या आढाव्यात त्यांच्या नोंदी कशा धरल्या, हे त्या घरांतल्या माणसांना त्यांच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवे की नाही?

अडचण नियामकाच्या जागेचीही आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले, पण ते उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला. त्या आयोगाचे अध्यक्ष ज्या खात्याचे सचिव, त्याच खात्याखाली भट्ट्या चालवणारे महामंडळ. कॅगने 2012 मध्ये या रचनेवर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणाचे 2011 चे विधेयक लोकसभा बरखास्त होताच रद्दबातल झाले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगलेच झाले. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही अणुवीजनिर्मितीचे दार उघडले आहे. तेव्हा हा दर्जा कागदावरचा नाही, हे दाखवण्याची पहिली संधी तारापूरची मुदतवाढच आहे.

मंडळाने सुरक्षा आढाव्याचा अहवाल, सुरक्षेला खरोखर बाधक असा मजकूर वगळून, मराठीत प्रसिद्ध करावा आणि मुदतवाढीपूर्वी पालघरमध्ये जाहीर सुनावणी घ्यावी. 16 किलोमीटरच्या परिघातल्या आणीबाणीच्या नियोजनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते. त्या नियोजनाची रंगीत तालीम सोयीच्या दिवशी, मोकळ्या रस्त्यांवर उरकून चालणार नाही. कारखान्यांची शिफ्ट सुटलेली, बोईसर स्टेशनबाहेर रिक्षांची दाटी, शाळांच्या बस मध्येच अडकलेल्या, अशा वेळी ती घ्यावी. किती माणसे किती वेळात बाहेर पडली, हा आकडा मुदतवाढीच्या फायलीत पाइपांच्या चाचणी-अहवालाशेजारी लागला पाहिजे.