चालू भूतकाळाचे सोवळे

इंग्रजीतल्या सगळ्या काळांत माझे वाकडे एकाशीच आहे : चालू भूतकाळाशी. माणूस चालू असला तर आपण त्याला चार हात दूर ठेवतो. पण हा चालू काळ मात्र शाळेच्या फळ्यावर ऐटीत बसतो आणि दोन्ही बाजूंना 'व्हेन' आणि 'व्हाइल' असे दोन चोपदार उभे करतो. नीट सांगायचे तर माझे भांडण त्या काळाशी नाही. त्याच्याभोवती आपल्या मास्तरलोकांनी जे सोवळे मांडले आहे, त्याच्याशी आहे.

सोवळ्याचे पहिले कलम : 'व्हाइल' दिसला की पुढे 'वॉज' आणि क्रियापदाला 'आयएनजी'ची शेपटी लागलीच पाहिजे. आमच्या नातीने परीक्षेत लिहिले, 'व्हाइल आय स्लेप्ट, द कॅट ड्रँक द मिल्क.' दोन मार्क गेले. मांजराला दूध, पोरीला भोपळा! आता मला सांगा, या वाक्यात खोट ती काय? इंग्रज माणूस असे खुशाल लिहितो. 'व्हाइल' हे जुन्या इंग्रजीत नाम होते आणि त्याचा अर्थ होता वेळ, अवधी. 'फॉर अ व्हाइल'मध्ये ते अजून त्याच जुन्या पगडीत वावरते. अवधी दाखवणारी क्रिया पुढे आली की त्याचे समाधान होते. झोप ही मुळातच लांबलचक गोष्ट. आमच्या घराण्यात तर फारच. क्रिया अर्धवट चालली होती असे मुद्दाम दाखवायचे असेल तर शेपटी लावा की. पण न लावणाराला फाशी कशाला?

दुसरे कलम : 'व्हेन' म्हणजे 'जेव्हा-तेव्हा'. 'जेव्हा मी जेवत होतो तेव्हा फोन वाजला' असे घरात कोणी म्हणाले, तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघेन. आपण म्हणतो, 'मी जेवत असताना फोन वाजला.' एका 'असताना'त काम फत्ते! पण पोरांना 'जेव्हा-तेव्हा'ची जोडी पाजली, की ती बिचारी इंग्रजीतही 'व्हेन'च्या वरातीत 'देन'ला नाचवत नेतात.

तिसरी गोष्ट तर अगदी फसवी. 'मी गेलो तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते.' तक्त्यात बघावे तर 'बसले होते' म्हणजे पूर्ण भूतकाळ; म्हणून पोर लिहिते 'हॅड सॅट'. इंग्रजाच्या लेखी मात्र अण्णा तिथे 'वॉज सिटिंग'. आपण बसण्याची क्रिया उरकून टाकतो आणि मग निवांत बसतो. इंग्रज बसल्यावरही बसतच असतो. उलट 'मी त्यांना ओळखत होतो' हे आपले खणखणीत मराठी, पण इंग्रजीत 'आय वॉज नोइंग' म्हटले की समोरचा हसतो. 'नो', 'बिलीव्ह', 'ओन' ही क्रियापदे सहसा चालू काळाच्या पंगतीला बसत नाहीत. हे एवढे शहाणपण तक्त्यात मावत नाही. ते वाक्यावाक्याने समजवावे लागते.

कोणी म्हणेल, एका शेपटीवरून एवढा गदारोळ कशाला? अहो, शेपटीतच सगळे आहे. पाहुणे आले तेव्हा तुम्ही चहा केलात, तर तो त्यांच्यासाठी. ते आले तेव्हा तुम्ही चहा करीत होतात, तर तो तुमचा. त्यांना मिळाला तो नशिबाने. हीच शेपटी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नेऊन बघा. 'चोर पळाला तेव्हा तुम्ही काय करीत होतात?' आणि 'चोर पळाला तेव्हा तुम्ही काय केलंत?' पहिल्या प्रश्नाला 'दाढी' हे उत्तर चालते. दुसऱ्याला तेच उत्तर दिले तर जज्जसाहेब चष्मा काढतील.

सोवळे इंग्रजांनीही पाळून पाहिले आहे. सुमारे १६०० सालच्या 'हॅम्लेट'मधला पोलोनियस राजपुत्राला काय वाचता आहात हे साध्या वर्तमानकाळात विचारतो; आज आमच्या नातीने तसे विचारले तर आणखी मार्क जातील. घर बांधले जात होते, हे सांगायला पूर्वी 'द हाउस वॉज बिल्डिंग' म्हणत. पुढे 'वॉज बीइंग बिल्ट' आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक व्याकरणकारांनी नाके मुरडली. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. आज तेच शुद्ध!

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आले. चार वर्षे जादा मिळाली. ती रिकाम्या जागा भरण्यात घालवायची असतील, तर डोकी रिकामीच राहणार. माझे म्हणणे एवढेच : तक्ता खुंटीला टांगा, 'असताना'पासून सुरुवात करा आणि पोरांना विचारा, पाहुणे आले तेव्हा चहा केला, की करीत होतात? फरक सांगणाराला दोन मार्क द्या. आणि पाहुण्यांना चहा!